लंडनची रंगीत तालीम, येरवड्यात

आमच्या घरात कुठलीही गोष्ट नुसती होत नाही, आधी तिची तालीम होते. नवरा कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धांमध्ये पडदा ओढायचा, आणि पडदा ओढणाऱ्यालाच सगळं नाटक पाठ असतं, असं त्याचं आजही ठाम मत आहे. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन लंडनला जायचं ठरू लागलं, तेव्हा पासपोर्टच्याही आधी त्याने रंगीत तालमीचा विषय काढला.

‘ठरू लागलं’ म्हणते, कारण घोडं माझ्यापाशी अडलं होतं. चौघांचा पहिलाच परदेश प्रवास, त्यातून एवढं अवाढव्य शहर, जमिनीखालून धावणाऱ्या गाड्या आणि मुलगा सहा वर्षांचा. हा मुलगा आमच्या वाघोलीच्या सोसायटीत लिफ्टमधून चुकीच्या मजल्यावर उतरून परक्या घरी जेवून आलेला आहे. अकरा वर्षांच्या मुलीने मात्र शाळेत सगळ्यांना लंडन सांगूनही टाकलं होतं. “आई, तू फक्त हो म्हण,” हे ऐकून ऐकून मी शेवटी अट घातली. तालमीत कुणी हरवलं नाही तर लंडन, हरवलं तर महाबळेश्वर.

नवऱ्याने नियम बसवले. जो हरवेल त्याने जागा सोडायची नाही, बाकीच्यांनी त्याला घ्यायला यायचं. मुलांकडून स्वतःचा मोबाइल नंबर त्याने पाढ्यासारखा घोटून घेतला. मग एका रविवारी, ऐन एप्रिलात, आम्ही चौघं स्वेटर घालून, पाठीला सॅक लावून रामवाडीहून मेट्रोत बसलो. स्वेटर कशाला, या प्रश्नावर “रंगीत तालीम कपड्यांसकट असते,” असं उत्तर मिळालं होतं.

समोरच्या आजोबांनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं. “कुठे निघालात?”

“लंडनला,” मुलगी म्हणाली.

“मग बरोबर बसलात. शेवटच्या स्टेशनला, वनाजला उतरा, तिथून जवळ पडेल,” असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

परदेशात रेंज नसेल असं समजायचं, म्हणून माझा फोन बंद होऊन नवऱ्याच्या सॅकमध्ये गेला होता, त्याचा तेवढा चालू होता. येरवड्याला उतरून पुढच्या गाडीत चढायचा सराव होता. क्रमही ठरलेला: आधी मी, मग मुलं, शेवटी तो. गाडी आली, मी चढले. मुलाला नेमका तेव्हाच स्वेटर काढायचा होता. त्याचं डोकं आत अडकलं, बहिणीने बाही ओढली, नवरा ओरडला आणि दारं बंद झाली. काचेतून मला तिघं दिसत होते. मुलीचं तोंड उघडं होतं, पण आवाज ऐकू येत नव्हता.

पुढच्या स्टेशनवर, बंडगार्डनला, मी उतरले. नियम मला तोंडपाठ होता, पण हरवलंय कोण हे कसं ठरवायचं, ते नियमात नव्हतं. माझ्या मते, अर्थातच, मुलं. मी उलटी गाडी पकडून येरवड्याला परत आले. समोरचा फलाट रिकामा होता. तिघांच्या मते हरवले होते मी, आणि नियमाप्रमाणे ते मला घ्यायला बंडगार्डनला गेले होते. हे मला आता सांगता येतं. तेव्हा फक्त रिकामा फलाट दिसत होता आणि मी मुलांना हाका मारत सुटले होते.

तिथल्या सुरक्षारक्षक बाईंनी माझी अवस्था पाहून आपला फोन पुढे केला. “मिस्टरांचा नंबर सांगा, मी लावते.”

मी नऊ म्हणाले, आठ म्हणाले आणि थांबले. इतक्या वर्षांच्या संसारात त्याचा नंबर पाठ करायची वेळच आली नव्हती, नावावर बोट ठेवलं की काम व्हायचं. मुलांची घोकंपट्टी चालली होती तेव्हा मी शेजारीच डबे भरत होते.

“मुलांना पाठ आहे,” मी म्हटलं.

“मग त्यांनाच विचारा की,” बाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. मग मला दंडाला धरून बाकावर बसवलं. “आता इथून हलू नका.”

थोड्या वेळाने बंडगार्डनकडून गाडी आली. दार उघडताच मुलगी धावत आली आणि माझ्या पोटात डोकं खुपसून हमसून हमसून रडायला लागली. हल्ली ही मुलगी कुणासमोर रडत नाही. मुलगा अर्ध्या स्वेटरात उभा राहून माझ्यावर डाफरला, “जागेवर थांबायचं सांगितलं होतं ना!” नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने सॅकमधून माझा फोन काढून माझ्या हातात कोंबला.

“नको जायला लंडनला,” मुलगी म्हणाली. “महाबळेश्वर चालेल मला. तू तिकडे हरवलीस तर?”

मुलं हरवली तर मी वेडी होईन, हे मला आई झाल्यापासून माहीत आहे. माझ्यासाठीही कुणाचं असं होईल, हे मात्र मला येरवड्याला येऊन कळलं. मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली. अट मोडली होती, महाबळेश्वर नक्की झालं होतं. मी तिचे डोळे पुसले आणि नवऱ्याला म्हटलं, “लंडनची तिकिटं काढ. आजच.”

मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, नाक पुसलं.

“काढू दे,” ती म्हणाली. “पण गाडीत चढताना तू आधी नाही आणि नंतर नाही. माझ्याबरोबर.”