मागच्या विमानातले आबा

आम्ही निघालो त्या दिवशी निमगाव केतकीच्या चौकात माझ्या दोन्ही मुलांचा फ्लेक्स लागला होता. सई पाच वर्षांची, ओम दोन वर्षांचा. मागे विमान, वर ढग, खाली ‘परदेशगमनानिमित्त हार्दिक शुभेच्छा’ आणि त्याखाली शुभेच्छुकांचे वीसेक चेहरे, त्यातले निम्मे गॉगल लावून. बहुतेकांना मी ओळखतही नव्हते. सईच्या गालांना कुणीतरी गुलाबी रंग चढवला होता. मला तो फ्लेक्स उतरवावासा वाटला, पण मी सून होते.

घरी अंगणात माणसं बसली होती. जो येई तो पोरांच्या तोंडात काहीतरी कोंबे. पेढा, बर्फी, जिलबीचा तुकडा, साखर-खोबरं. ओमच्या तोंडातला पेढा खाली उतरायच्या आत दुसरा हजर.

“आत्या, बास करा आता, त्याला गाडी लागेल,” मी म्हणाले. सासूबाईंना आम्ही सुना आत्या म्हणतो.

“खाऊ दे गं. तिकडं कोन घालनाराय त्याला? आन् विमानात काय गाडीवानी हिसकं बसत न्हायती.”

आत्या तोवर विमानात बसल्या नव्हत्या. अंगणातलं कुणीच बसलं नव्हतं, पण विमानात पोरं कशी सांभाळायची हे प्रत्येकाला माहीत होतं. जावेनं माझ्या पर्समध्ये खोकल्याच्या औषधाची बाटली सरकवली. “अर्धा चमचा पाज, तिकडं जाईस्तोवर डोळं उघडायची न्हाईत.” तिनं ते प्रेमानं दिलं होतं. प्रेमानं पोराला गुंगीचं औषध द्यायचं, आणि वर त्याला शहाणपण म्हणायचं.

एवढ्या गर्दीत आबा नव्हते.

आबा म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर उसाच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला जोडून माळेगावच्या कारखान्यावर नेल्या; आम्ही निघालो तोवर कमरेनं साथ सोडली होती आणि ते घरीच असायचे. माझा नवरा बारामतीच्या एमआयडीसीतली दूध पावडरची नोकरी सोडून वर्षभर आधीच न्यूझीलंडला गेला होता. सईसाठी बाप म्हणजे फोनच्या पडद्यावरचा चेहरा होता. खरा माणूस आबा. जेवायची त्यांच्या हातानं, झोपायची त्यांच्या टॉवेलचं टोक मुठीत धरून.

म्हणून आदल्या दिवशी जेवताना ठरलं, की सकाळी आबांना घरात ठेवायचं नाही. पोरगी गळ्यात पडेल, सोडणार नाही, निघताना रडारड कशाला. आत्यांनी ठरवलं, दिरांनी मान हलवली, मी ताटातली भाकरी मोडत राहिले. आबांना कुणी काही विचारलं नाही. ते समोरच बसले होते.

सकाळी आबा मला गोठ्याजवळ भेटले. हातात स्टीलचा डबा. आत उसाची कांडकी, सोललेली, बारीक कापलेली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली.

“वर गेल्यावर कान गच्च व्हत्यात म्हनं. बाजारात एक मिलिट्रीतला सांगत हुता. सईला चघळाय दे. रस गिळला की मोकळं व्हत्यात.”

त्या दिवशी मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांत हा एकच उपयोगाचा होता. मग गोठ्याच्या मागच्या दारातून दिरांनी त्यांना मोटारसायकलवर बसवून एसटी स्टँडवर सोडलं. चोराला काढावं तसं, त्यांच्याच घरातून.

“आबा कुठंयत?” गाडीत बसवताना सईनं विचारलं.

“म्होरं गेल्यात बाजारला,” आत्या म्हणाल्या. “तुला खाऊ घेत्यात न् मागनं येत्यात. बस तू.”

ती बसली. हसत बसली. मागे कुणीतरी सुटल्यासारखं म्हणालं, “बघा, जमलं का न्हाय?” इतकी वर्षं झाली, ते वाक्य मला पचलेलं नाही.

पेढे ओमलाही पचले नाहीत. डाळजजवळ गाडी थांबवावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईहून विमान. आमच्या तीन सीटा होत्या. सई खिडकीशी बसली आणि मधल्या सीटवर दोन्ही हात पसरून पडली. ओमला बसू देईना. “ही आबांची हाय.” हवाईसुंदरी येऊन उभी राहिली, मागे माणसं खोळंबली, ओमनं भोकाड पसरलं.

मी म्हणाले, “आबांचं तिकीट मागच्या विमानाचं आहे.”

आधीचं खोटं आत्यांचं होतं, हे माझं. सुचायला मला एक क्षणसुद्धा लागला नाही, आणि किळस येते ती त्याचीच. सईनं लगेच सीट सोडली. मान वळवून खिडकीला गाल लावला आणि मागे बघायला लागली.

विमान वर चढताना ओमला मी चमच्या चमच्यानं पाणी पाजत राहिले, उसाचा तुकडा त्याच्या घशात अडकला असता. सईला एक कांडकं दिलं. तिनं चघळलं, चोथा माझ्या हातात दिला, म्हणाली, “कान उघडलं.” मग डबा मांडीवर घेऊन झाकण घट्ट लावलं. “ऱ्हायल्यालं आबांना.”

तासाभरात ओमच्या पोटातलं उरलंसुरलं सगळं माझ्या मांडीवर आलं. आंबलेलं दूध, साखर आणि आदल्या दिवसाच्या पाहुणचाराचा तो वास. पलीकडच्या बाईनं नाकाला रुमाल लावला. मुलांचे मी तीन-तीन कपडे घेतले होते, माझ्यासाठी एकही नाही. आजकाल फोनवर व्हिडिओ दिसतात, विमानात पोरांना कसं रमवायचं. पांढरे कपडे घातलेली आई, पांढरे कपडे घातलेलं पोर, दोघं रंगीत पुस्तक बघतात. ते लागले की मी बंद करते. कुणीही आईला सांगत नाही, की बाई, तुझा एक सलवार-कमीज वरच्या पिशवीत ठेव.

जावेची बाटली मी विमानाच्या संडासातल्या बेसिनमध्ये ओतली. त्या प्रवासातलं मी केलेलं तेवढंच एक काम सांगण्यासारखं आहे.

सिंगापूरला पाच तास थांबायचं होतं. तिथं गालिचे, मुलांसाठी घसरगुंडी, सगळं होतं. ओम घसरला, हसला. सई काचेला चिकटून उभी. एक विमान उतरलं की, “ह्यात हायत?” दुसरं उतरलं की, “मग ह्यात?” ती जागची हलायला तयार नव्हती. लघवीलाही गेली नाही, तिथंच उभ्या उभ्या चड्डी ओली झाली. बिस्किटही खाल्लं नाही.

आमचं गेट लागलं तेव्हा तिनं खुर्चीचा पाय धरला.

“आई, थांबूया. आबा हितं चुकत्याल. त्यास्नी विंग्रजी येत न्हाय.”

पाच वर्षांच्या पोरीच्या डोक्यात स्वतःची काळजी नव्हती, म्हाताऱ्याची होती. तेव्हातरी मी खाली बसून खरं सांगायला हवं होतं. मी म्हणाले, “ते थेट तिकडंच उतरणार आहेत,” आणि तिची बोटं एकेक करून सोडवली.

पुढचे दहा तास ती झोपली नाही. डोळे लाल झाले, मान लुळी पडली, तरी खिडकी सोडेना. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. शेजारचा एक भला गृहस्थ मला म्हणाला, “पहिलं विमान ना? मुलं घाबरतात.” ती घाबरली नव्हती. ती वाट बघत होती, मी बघायला लावली होती म्हणून.

उतरण्याआधी एक कागद भरायचा असतो, सोबत खाण्याचं काही आहे का. न्यूझीलंडवाले त्या बाबतीत फार कडक, बाहेरचं फळ-मूळ आत येऊ देत नाहीत. मी सईला विचारलं, “ऊस संपला का?”

“व्हय,” ती म्हणाली. डबा उघडून दाखवला, रिकामा. मी ‘नाही’वर खूण केली.

ऑकलंडला बॅगांच्या पट्ट्याजवळ एक छोटा कुत्रा घेऊन बाई फिरत होती. कुत्रा आमच्याजवळ आला आणि सईच्या पाठीवरच्या दप्तराशी शांत बसला. बाईनं हसून दप्तर उघडायला सांगितलं. आत बाहुलीच्या फ्रॉकमध्ये गुंडाळलेली सात कांडकी.

“आबांचा हाय,” सई म्हणाली. “मागच्या विमानातल्या.”

ती खोटं बोलायला कुठं शिकली, हे कुणी मला विचारू नये. बाईनं पोरीकडं बघून कागदावरची खूण मला बदलू दिली आणि बाजूच्या पिंपाकडं बोट दाखवलं. ऊस त्यात टाकायचा होता. सईनं दप्तर छातीशी धरलं. “आबा आल्यावर काय खातील?”

तिथं, त्या पिंपाशेजारी, वास मारणाऱ्या कपड्यांत, मी गुडघ्यावर बसले. म्हणाले, “आबा येणार नाहीत. ते गावाकडंच आहेत. मागच्या विमानात नव्हते. मी खोटं बोलले.”

मला वाटलं, आता ही आभाळ डोक्यावर घेईल. तिनं घेतलं नाही. फक्त विचारलं, “तवाच सांगायचं न्हवं? मी झोपले असते.”

मग तिनं एकेक करून सातही कांडकी पिंपात टाकली. बाहेर बाप हार घेऊन उभा होता. त्याच्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. नव्या घरी, हॅमिल्टनला पोचेपर्यंत गाडीत झोपली आणि पुढे कितीतरी दिवस मी साधं दुकानात निघाले तरी दारात येऊन विचारायची, “खरंच दुकानात का?”

आबांना मी फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मी स्टँडावर दुपारपतोर बसलो हुतो. तुमची गाडी म्होरनं गेली. सई खिडकीत हुती. हात करावा वाटला, पर म्हनलं, बघितलं तर उतरंल खाली.” शेवटी म्हणाले, “मला बी कुनी इचारलं न्हाय, पोरी.” माझं नाव त्या कुणीमध्ये होतं.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे जावेची सून पूजा. ती पुढच्या महिन्यात तिच्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन नवऱ्याकडं निघाली आहे. परवा फोन आला. “काकी, पोरगी पहिल्यांदाच बसनाराय, विमानात कसं करू?” मी सांगायला लागले. निघायच्या दिवशी वरणभात, गोड बंद. उतरताना झोपू देऊ नकोस, काहीतरी गिळायला दे. तिच्या वापरातली मळकी गोधडी घे, नवी नको. तुझे स्वतःचे कपडे वरच्या पिशवीत घे. ती लिहून घेत होती. मग सहज म्हणाली, “आन् हितं सगळी म्हनत्यात, तिला जायाचं सांगूच नको. पोरगी सासूबाईंस्नी सोडनार न्हाय, म्हनून त्यास्नी शेतावर लावून देतो त्या वक्ताला. बारामतीला जातोय म्हनायचं.”

पुन्हा तेच. फ्लेक्सही लागणारच आहे म्हणे, आता दुप्पट मोठा. मला अशी शिसारी आली की फोन ठेवून हात धुऊन आले.

तर पूजा, आणि तुझ्यासारखे निघणारे, आणि तिथं अंगणात बसून सल्ले देणारे तुम्ही सगळे, नीट ऐका. पोराला सांगा. कुठं चाललोय, कोण येणार, कोण नाही. रडू द्या. रडून थकलेलं मूल विमानात झोपतं, फसवलेलं मूल जागं राहतं. तुम्हाला पोराच्या रडण्याची दया येत नाही, तुम्हाला ते ऐकायला नको असतं. मलाही नको होतं.

लोक विचारतात, आता घर कुठलं? हॅमिल्टनला बारा महिने गरम पाणी आहे आणि शेजारीण चावी ठेवते. निमगावला गेले तर दुसऱ्या दिवशीच मला तिथल्या बोलण्याचा वीट येतो. दोन्हीकडं माझं काम अडत नाही. पण पाय निघत नाही तो एकाच दारातून, आणि त्या दाराला मी घर म्हणते. ते दार पुढचं पाहिजे, गोठ्याचं नाही.

त्या प्रवासानंतर चार वर्षांनी आम्ही पहिल्यांदा गावी आलो. परत निघालो तेव्हा आत्यांनी पुन्हा आबांना कामाच्या निमित्तानं बाहेर पाठवायचा विषय काढला. सई नऊ वर्षांची होती. तीच म्हणाली, “आबा कुठंही जाणार नाहीत.” आबांनी त्याही सकाळी ऊस सोलला होता. गाडीच्या दाराशी सईनं डबा घेतला, निम्मी कांडकी काढून त्यांच्या हातात ठेवली.

“तिकडं चालत नाही आबा. एवढी तुम्ही खा.”

“मला दात कुठायत, खुळे?”

“मग चोखा.”

दोघंही हसली आणि मग दोघंही रडली, सगळ्या गल्लीसमोर, चांगली दहा मिनिटं. आत्यांनी तोंड फिरवलं. मी पिशव्या मोजत राहिले. गाडी हलली तेव्हा आबा रस्त्याच्या मधोमध उभे होते, गालात उसाचं कांडकं धरून, हात वर करून. वळण येईपर्यंत दिसत होते.

विमान वर चढताना सईनं ऊस चघळला, चोथा माझ्या हातात दिला आणि सिंगापूर येईपर्यंत झोपली.

मला झोप लागेना. तिच्यावरून वाकून मी खिडकीतून मागे पाहिलं. मागे काही नसतं, हे मला माहीत होतं. तरी पाहिलं.