कुत्री गेली बैलगाडीखालनं, अन् मी सापडलो माइकवर

थांबा, हातातलं काम ठेवा. हे आत्ताच्या आत्ता सांगितलं न्हाय तर माझं पोट फुटंल.

आधी माझं सांगतो. मला माणसांची भीती वाटते. लाजाळू वगैरे न्हाय, खरी भीती. बारामती एमआयडीसीत पॅकिंगला हाय, लासुर्ण्यावरनं रोज गाडीवर जातो, अन् सगळे डबा खायला बसले की मी पार्किंगमधी एकटा खातो. दुकानात काय मागायचं ते मनात पाठ करतो आणि नंबर आला की भलतंच मागतो. एकदा साबणाऐवजी मेणबत्त्या आणल्या. आई म्हणाली, "लाईट तर हाय की रं!"

घडाघडा बोलायचो ते एकीशीच. आमची कुत्री. गेल्या वर्षी ऊसतोडीची टोळी आमच्या रानाशेजारी उतरलेली, त्यांच्यामागनं ही आली. सीझन संपला, टोळी गेली, ही त्यांच्या कोपीच्या, म्हंजी पाचटाच्या झोपडीच्या, मोकळ्या जागेवर चार दिवस बसून. पाचव्या दिवशी मी भाकरी टाकली. आली माझ्यामागं.

दिवाळीनंतर घरच्यांनी मला इंदापूरला पोरगी बघायला नेलं. पोरगी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला. पोहे झाले, मग कुणीतरी म्हणालं, "दोघं बाहेर बोला जरा." अंगणात तिनं विचारलं, "तुमाला काय आवडतं?" झालं! "फोन आलाय," म्हणालो, अन् गाडीला किक मारून थेट घर गाठलं. फोन आत होता. चार्जिंगला. तिच्या वडिलांच्या शेजारी! तात्यांनी, म्हंजी माझ्या वडलांनी, तो आणून माझ्यापुढं ठेवला अन् दोन दिवस माझ्याशी बोलले न्हाईत.

आता मेन गोष्ट. ऊसवाल्यांची कुत्री चालत्या बैलगाडीखाली, दोन चाकांच्या मधी, सावलीनं चालतात. आमचीला लहानपणापासनं तीच सवय. गेल्या आठवड्यात आमच्या रस्त्यानं यंदाच्या पहिल्या गाड्या गेल्या. शेजारचे आबा ओरडले, "आरं, तुझी कुत्री गेली की गाडीखालनं! नव्या सुनंसारखी खाली मान घालून!"

कुठं गेली? कारखान्यावर. कुठल्या? त्या इंदापूरच्या पोरीच्याच!

मी तासभर अंगणात येरझाऱ्या घातल्या. पण ऊस खाली करून गाड्या चार वाटांनी चार गावांना जाणार. ही कुठल्या गाडीखाली शिरंल कुणाला ठाऊक? आज न्हाय सापडली तर कधीच न्हाय. निघालो.

कारखान्यावर नुसत्या गाड्याच गाड्या. एकाला विचारायला गेलो, आवाजच फुटंना. मग वाकून वाकून एकेका गाडीखाली बघत सुटलो.

"ए! काय चोरतूस रं?"

एका गाडीवानानं दंडाला धरून मला काट्याच्या केबिनमधी उभं केलं. समोर तीच पोरगी. माइकवरनं गाड्यांचे नंबर पुकारत होती. वर बघितलं, थांबली.

"फोन न्यायला आलाय व्हय?"

"कुत्री," एवढंच निघालं तोंडातनं.

"काय?"

"माझी कुत्री. गाडीखालनं आलीय. हरवलीय."

ती हसली न्हाय. माइक माझ्याकडं सरकवला. "मी हाक मारून काय उपयोग? ती तुमचा आवाज वळखती."

मी डोळे मिटले. "यू... यू यू यू..."

सगळ्या तळावर भोंग्यातनं यू यू! हास्याचा नुसता गडगडाट.

"आवो पावनं, आमी पन येऊ का?"

"भाकरी हाय का नुसतंच यू यू?"

कारखान्यावरची सात-आठ कुत्री येऊन केबिनपुढं शेपट्या हलवत बसली. आमची न्हाय त्यात. माझे पाय दाराकडं वळले.

"थांबा," ती म्हणाली. "यू यू तर कुनीबी करतं. घरी तिच्याशी बोलता तसं बोला."

आणि मी बोललो, राव. "अगं बाय, कुठं हायस? दूधभाकरी ठेवलीया तुला. मला हितं लई भ्या वाटतंय. ये ना लवकर."

या वेळी कुणी हसलं न्हाय. पार शेवटच्या रांगेतनं एका म्हाताऱ्या गाडीवानानं हात वर केला. त्याच्या गाडीखालनं आमच्या बाईसाहेब निघाल्या. धुळीनं माखलेल्या. पळत पण न्हाय, लग्नाला आल्यागत चालत आल्या!

मी तितंच खाली बसून तिला मिठी मारली. वरनं आवाज आला, "एवढं बोलता येतं, मग त्या दिवशी?"

"भ्यालो होतो," मी म्हणालो. "तुमाला न्हाय. सगळ्याच माणसांना भितो मी."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं. आईला पण न्हाय.

ती म्हणाली, "तो प्रश्न मला मावशीनं पाठ करून दिलता. तुमी पळालात ते बरं झालं. पुढचा मी इसरले होते."

"म्याडम, नंबर पुकारा की!" बाहेरनं बोंब. पण मी अजून तितंच. "परत येऊ का?" विचारलं.

"सीझनमधी सुट्टी न्हाय मला. तुमीच या. शिफ्ट सहाला सुटते."

तवापासनं तीनदा गेलोय, कुत्रीला गाडीवर पुढ्यात बसवून. तिच्याबरोबर कॅन्टीनमधी चहा प्यालोय, भरल्या बाकावर, लोकांच्या मधी बसून! भीती गेली का? न्हाय. कपातला अर्धा चहा बशीत सांडतो. पण पळत न्हाय.

आणि आज, आत्ता तासाभरापूर्वी, तिचे वडील कॅन्टीनमधी आले. माझ्याकडं बघितलं, कुत्रीकडं बघितलं.

"रविवारी परत या घरी," म्हणाले. "पन ह्या बारीला गाडीची चावी माझ्याकडं द्यायची."

"आत्ताच घ्या की," मी म्हणालो. मी! मोठ्यानं!

ते हसले. चावी खरंच घेतली, राव! आता ती म्हणते एसटीनं जा, अन् कंडक्टर कुत्रीला घेणार न्हाय. म्हणून लासुर्ण्याच्या रस्त्यानं मी अन् कुत्री, आमी दोघं चालत निघालोय, अन् मी चालता चालता हे टाईप करतोय.

तुमी सांगा की, तुमचं झालंय का असं कधी? माणसांसमोर दातखीळ बसते, अन् एखाद्या मुक्या जिवापायी सगळ्या गावासमोर तोंड उघडलंय?