तेलुगू येणारी नर्स

आम्ही दोघी नर्सिंगची परीक्षा पास होऊन एकाच आठवड्यात सोलापूरच्या एका इस्पितळात रुजू झालो. मी मंद्रूपची, लग्नानंतर वर्षाच्या आत विधवा झालेली. ती इथल्याच विणकरांच्या वस्तीतली, घरी तेलुगू बोलणारी. बायकांच्या वॉर्डात विणकरांच्या बायका पुष्कळ आणि डॉक्टरांना तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. "यांच्याशी तू बोलायचं," त्यांनी तिला सांगून टाकलं.

सुरुवातीला तिला त्याचा अभिमान वाटे. औषध कधी घ्यायचं, बाळाला कसं धरायचं, हे ती हसत सांगायची. मग एक बाळंतीण गेली. डॉक्टर हात पुसत म्हणाले, "बाहेर तिची आई बसलीय. सांग तिला." आणि निघून गेले. तिनं सांगितलं. त्या आईनं हिच्याच थोबाडीत मारली.

तेव्हापासून ते काम तिच्या गळ्यात पडलं. व्हरांड्यात ती दिसली की बसलेल्या बाया आधीच गळा काढत. वस्तीत लोक तिला टाळू लागले. तिचं जेवण सुटलं. नर्सांच्या खोलीत बसून एकच लुगडं घडी करायची, मोडायची, पुन्हा घडी करायची. मी मेट्रनबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "नव्या मुली रडतातच. जास्त काम दिलं की विसरतात."

जास्त काम! ऐकून माझं डोकं फिरलं.

एका सकाळी तापानं एक लहान पोर गेली. डॉक्टरांनी हिला हाक मारली. ही दारापर्यंत गेली. समोर बाप उभा. हिचं तोंडच उघडेना. सगळ्या वॉर्डादेखत डॉक्टर ओरडले, "नाटकं करायची असतील तर तमाशात जा!"

हातातला पट्ट्यांचा ट्रे मी टेबलावर आपटला.

"सायेब, पोरीला औषध तुमी देत हुता. तुमीच सांगा की!"

"मला त्यांची भाषा येत नाही."

"मग तिच्याजवळ हुबं तरी ऱ्हावा. त्याला कुटं भाषा लागती?"

ते लालबुंद झाले आणि चालते झाले. मी त्या बापाचा हात धरला. त्याला कळलं.

मला औजारं उकळायच्या खोलीत धाडलं. तिला 'मनाची कमजोर' म्हणून कामावरून काढलं. कमजोर! इतक्या घरांचं मरण तिनं एकटीनं तोंडातून काढलं होतं, आणि कमजोर ती!

महिन्याभरानं मी तिच्या घरी गेले. ती ओसरीवर चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. एक कांडी भरून बाजूला ठेवत तिनं विचारलं, "आता कोण सांगतं गं?"

"शिपाई. हातानं खुणा करून."

तिचा चरखा थांबला. ती मोठ्यानं रडू लागली. इस्पितळात ती कधी अशी रडली नव्हती. मी तिला गप्प बस म्हटलं नाही. मला रडू येत नव्हतं. त्या डॉक्टरची गचांडी धरून त्याला त्या ओसरीवर आणून बसवावं, एवढंच मनात येत होतं.