आतून वाजवणारा

लीडबाई स्टेजवर लोकांकडे तोंड करून कधी उभी राहिली नाही. डावा खांदा लोकांकडे, गिटारची मान त्यांच्या डोळ्यांपुढे आणि चेहरा पार मागे, ड्रमवाल्याकडे. पहिल्या रांगेतल्या बायका हळहळायच्या, लाजते बिचारी. लाजण्याशी तिचा काही संबंध नव्हता. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "तोंड दाखवलं का लोकं तोंडच पाह्यत बसतेत. मले हात दाखवाचा हाये." आणि वर मलाच विचारलं, "तुले कधी कोनी म्हनलं काय, भाऊ, जरा हसून वाजव? मले दर खेपेले म्हनतेत." मला तसं कोणी म्हटलं नव्हतं. खरं तर मी कसा वाजवतो याबद्दलही कोणी काही म्हटलं नव्हतं.

तिचं नाव सुशीला. आमच्याकडे वयानं मोठी ती बाई, आणि ही लीड गिटार वाजवणारी, म्हणून लीडबाई. गाण्यात मधेच बाकीच्यांना मागे सारून जी गिटार एकटी बोलते ती लीड. मी रिदमला होतो, म्हणजे ती बोलत असताना मागून हुंकार भरायला. आम्ही चौघेही भद्रावतीचे. आजूबाजूला कोळशाच्या उघड्या, ओपनकास्ट खाणी, म्हणून बँडचं नावही ठेवलं ओपनकास्ट. वाजवायचो रॉक, गाणी मात्र आमच्याच बोलीतली. लग्नाच्या वरातीला आम्हाला कोणी बोलावत नसे, आणि एकदा ज्यानं बोलावलं त्यानं पुन्हा फोन केला नाही.

पोटापाण्यासाठी तिचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. वडील गेल्यावर तिनंच ते चालवलं. उन्हाळ्यात शेतातले पंप जळाले की दुकानासमोर मोटारी रांगेत पडायच्या आणि ही जुनी जळकी तार उपसून नवी तांब्याची तार भरत बसायची. त्याच हातानं ती गिटारचं पिकअपही भरायची. पिकअप म्हणजे तारांखालची, आवाज उचलणारी गुंडाळी. केसाएवढी बारीक तार, हजारो वेढे, आणि मधे बोललेलं तिला चालायचं नाही, कारण मोजणी चुकते. मी एकदा विसरून "चहा मांडू काय?" असं विचारलं. तिनं शांतपणे सगळी तार उलगडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. चहा मी एकट्यानंच घेतला.

गिटार ती कुठल्या क्लासात शिकली नव्हती. वडील जयंतीच्या मिरवणुकीत बेंजो वाजवायचे. भीमगीतांच्या मंडळात त्यांच्या बेंजोला मान होता. एका वर्षी त्यांच्या बोटाला मशीन लागली आणि ऐन मिरवणुकीत, हातगाडीवर स्पीकरच्या शेजारी, दहा वर्षांची सुशीला बेंजो घेऊन बसली. पुढे गिटार आली तरी बेंजोची ती थरथर बोटांतून गेली नाही. तिची लीड ऐकली की वाटायचं, कोणीतरी घाईघाईनं काहीतरी महत्त्वाचं सांगतंय. मला ते वाजवणं फार आवडायचं, आणि मला तसं कधीच येणार नव्हतं, हेही मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. या दोन गोष्टी एकाच पोटात ठेवणं सोपं नसतं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

कुठेही कार्यक्रमाला गेलो की साउंडवाला तिच्यासमोर न विचारता माईक उभा करायचा. बाई आहे म्हणजे गाणारच. ती तो माईक खाली घ्यायची, गिटारच्या अॅम्प्लिफायरच्या तोंडाशी ठेवायची आणि सांगायची, "बोलनार तं हा हाये." साउंडवाले हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा माईक आणून ठेवायचे. तीही पुन्हा उचलायची. या कामाचा तिला कंटाळा आलेला मी पाहिला नाही.

पोंभुर्ण्याचा कार्यक्रम दुपारचा होता, शाळेच्या पटांगणात मांडव घालून. माझी वायर नेमकी आखूड निघाली आणि जोडायची जागा पडद्यामागे, त्यामुळे मी पडद्याआड उभा राहूनच वाजवत होतो. बाई समोर. त्या दिवशी तिनं जे वाजवलं ते मी आजवर विसरलेलो नाही. दोन मिनिटं मांडवात कोणी वारा घेण्यासाठी हातातला कागदसुद्धा हलवला नाही. गाणं संपलं, मी गळ्यात गिटार घेऊन पडद्यातून बाहेर आलो आणि लोक माझ्याभोवती जमले.

हा घोटाळा आमच्याच भागात होऊ शकतो. झाडीपट्टीतल्या माणसाचा जन्म नाटकं पाहण्यात जातो. पडद्याआड प्रॉम्प्टर बसलेला असतो, नट विसरला की आतून शब्द पुरवतो, आणि हे लहान मुलालाही माहीत असतं. समोर बाई हात हलवून राहिली, आवाज असा येऊन राहिला, म्हणजे आतून कोणीतरी वाजवतंय, असं त्यांनी सरळ धरलं होतं. नाटकात उभी हयात घालवलेल्या एका म्हाताऱ्या गुरुजींनी मला मिठी मारली. "आतून वाजवनारा तूच काय, बापा?"

मी म्हणालो, "हो."

शब्दशः पाहिलं तर ते खोटं नव्हतं. मी आतूनच वाजवत होतो. गुरुजींनी त्याच दिवशी स्वतःला मिळालेली शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली. बाई चार हात अंतरावर वायरी गुंडाळत होती. तिनं पाहिलं, ऐकलं, आणि वायरीचा वेढा मोडू दिला नाही. परतताना गाडीत एवढंच म्हणाली, "भाऊ, एवढ्या उन्हात शाल गरम नाई होत काय?" सगळे हसले, मीही हसलो. शाल मात्र मी घरी नेली.

त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही 'धूळ' नावाचं गाणं रेकॉर्ड केलं. त्याचा व्हिडिओ लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्यानं काढला. बाईची लीड सुरू झाली की कॅमेरा माझ्यावर यायचा, आणि शेवटच्या पाटीवर लिहिलं होतं, लीड गिटार: प्रमोद, म्हणजे मी. बाईचं नाव खाली, "सहभाग" म्हणून. चूक त्याची होती, मी त्याला तसं सांगितलं नव्हतं. बाईनं पाटी पाहिली आणि मला म्हणाली, "मले बाकी काई नाई पाहिजे. हे वाजवनं माह्यं हाये, तेवढं तिथी लिहाले सांग. तुह्यी ओळख हाये त्याच्याशी."

"सांगतो," मी म्हणालो.

उद्या सांगू, असं करता करता आठवडे गेले. मधल्या काळात ते गाणं मोबाइलवरून मोबाइलवर फिरलं. बसस्टँडवर अनोळखी माणसं मला ओळखू लागली. जिवतीहून एकानं फोन करून सांगितलं की डोंगरावर रेंज येते त्या एका दगडावर बसून ते रोज ऐकतात. मग तो शूटिंगवाला गाव सोडून गेला, फोन लागेना, आणि पाटी होती तशीच राहिली. मला वाईट वाटलं असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं होतं.

आणि मग हैदराबादहून फोन आला. तिथल्या एका बँडला लीड वाजवणारा हवा होता, त्यांनी 'धूळ' ऐकलं होतं. मी तेव्हा बाईच्या दुकानातच बसलो होतो, फोन स्पीकरवर. एवढ्या वेळानंतर माझ्या तोंडून खरं निघालं. "वो मैं नहीं हूँ. हमारी बाई हैं, उन्होंने बजाया है." मग त्यानं अगदी अदबीनं विचारलं, "लेडीज हैं? अच्छा. गाती भी हैं क्या?"

बाईनं हातातली तार खाली ठेवली. "नहीं गाती," ती फोनाकडे वाकून म्हणाली. "मोटर भरती हूँ." आणि तिनंच बटण दाबून फोन बंद केला.

मी म्हणालो, बाई, लोक असेच. ती म्हणाली, "लोकाईचं सोड. त्याईले माहीत नाई, म्हनून ते तसे. तुले तं माहीत होतं न?" आवाज चढला नव्हता. मी चपला घालून निघालो. त्या दिवसापासून ती बँडमध्ये आली नाही. बोलणं तोडलं नाही, वाटेत भेटली की घरच्यांची चौकशी करायची, फक्त गाण्याचा विषय निघाला की "गिऱ्हाईक हाये" म्हणायची. वर्षभरात तिनं दुकान हलवलं आणि गडचिरोलीला बहिणीकडे गेली. तिच्याशिवाय आमचा बँड दोन कार्यक्रम टिकला.

मागच्या हिवाळ्यात चंद्रपूरच्या एका कॉलेजनं स्नेहसंमेलनाला मला पाहुणा म्हणून बोलावलं. निवेदिकेनं माझी ओळख करून दिली ती 'धूळ'मधल्या लीडनं, आणि मोठ्या पडद्यावर व्हिडिओतला तोच भाग लावला. मी माईक घेतला आणि लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवून सगळं सांगितलं. हे मी वाजवलेलं नाही. सुशीलाबाईंनी वाजवलं आहे. मी मागे होतो, माझं नाव चुकून लागलं आणि मी ते लागू दिलं. पोंभुर्ण्याचंही सांगितलं, शालीसकट.

मग टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या थांबेनात. निवेदिकेनं माईक परत घेतला. "स्वतःचं श्रेय सहकलाकाराला देणारी अशी माणसं आज कुठे दिसतात," असं ती म्हणाली, आणि प्राचार्यांनी पुढे होऊन माझे दोन्ही हात धरले. मी पुन्हा म्हणालो, "अहो, खरंच मी नाही." ते म्हणाले, "हाच तर तुमचा मोठेपणा."

बाहेर येऊन मी बाईला फोन लावला. मागे कुठलीशी मोटार चालू होती, तिनं ती बंद केली आणि नीट ऐकून घेतलं. मी म्हणालो, बाई, आज सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं.

"बरं केलं," ती म्हणाली. "टाळ्या कोनाले पडल्या?"

मी खरं ते सांगितलं.

"हं," ती म्हणाली, आणि मोटार पुन्हा सुरू झाली.