बर्फातली बाटली

सातवीनंतर शाळा सुटली आणि मी चंद्रपूरकडून फिरत फिरत नवापूरला, कोंबड्यांच्या शेडवर आलो. इथली बोली कळेना, माणसं कळेनात. शेडच्या मुकादमांनी, म्हणजे दादांनी, मला कामाला लावलं. त्यांच्या बायकोने, वहिनींनी, पहिल्याच दिवशी ताट वाढलं. त्या अजूनही वाढतात. म्हणून दादांचा गाल सुजला, नाकातून काळं येऊ लागलं, तेव्हा मी घाबरलो. तसं मला घाबरायला फारसं काही लागत नाही.

दादांची साखर बेसुमार वाढलेली. नंदुरबारच्या डॉक्टरांना वाटत होतं की आत बुरशी शिरली आहे. औषध सुरू केलं होतं, पण टाळूचं हाड कापून काढायचं तर खात्री हवी, म्हणाले. नाकातून तुकडे काढून त्यांनी दोन बाटल्यांत घातले. एकीत मांस कुजू नये म्हणून औषध, दुसरीत नुसतं मिठाचं पाणी. बाटल्या माझ्या हाती देऊन सुरतेच्या लॅबला पोचवा, सांडू नका, एवढंच सांगितलं.

दादा नंदुरबारला दवाखान्यातच होते, वहिनी त्यांचे कपडे आणायला नवापूरला घरी आल्या होत्या; निघताना मी त्यांना फोन केला. सुरतेची रेल्वे नवापूरला थांबली तर त्या खिडकीशी हजर, हातात शेडवरचा लसीचा थर्माकोलचा डबा, बर्फाने गच्च. आमच्याकडे लस असो की तपासायला पाठवायचं मेलेलं कोंबडं, बर्फाशिवाय काही हलत नाही. बाटल्या त्यांनी स्वतः आत रोवल्या. मलाही ते बरोबरच वाटलं. सुरतेपर्यंत डबा मांडीवर धरून बसलो.

लॅबमधल्या डॉक्टरबाईंनी झाकण उघडलं आणि विचारलं, बर्फात ठेवायला कुणी सांगितलं? मी कोंबड्यांचं सांगितलं. त्या हसल्या, मग एक बाटली बाजूला ठेवली. ही बुरशी थंडीत बहुधा मरते, मिठाच्या पाण्यातली वाढवून बघायची होती, ती आता उगवणार नाही, म्हणाल्या. म्हणजे सगळं वाया गेलं का, मी विचारलं. तेव्हा त्यांनी पाणी दिलं आणि दुसरी बाटली वर धरून दाखवली.

"हिच्यातल्या तुकड्याचे पातळ काप करून रंगवते. मेलेली असली तरी दिसेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी बुरशी दिसली. रुंद, वेडेवाकडे धागे थेट रक्तवाहिन्यांत घुसलेले. रक्त अडतं, म्हणून मांस मरतं. काळं दिसतं ते मेलेलं मांस, बुरशीचा रंग नव्हे, असं त्यांनी मला समजेल असं सांगितलं. इतके दिवस आम्ही ते चुलीची काजळी म्हणून पुसत होतो. त्यांनी माझ्यासमोरच नंदुरबारला फोन लावला. त्याच संध्याकाळी दादांना ऑपरेशनला आत घेतलं. टाळूचा तुकडा गेला, बुरशी तिथवर पोचली नव्हती म्हणून डोळा राहिला. दादा राहिले.

आता टाळूला प्लेट आहे. ते नाकातून बोलतात आणि वर मलाच विचारतात, "मन्हा आवाज कोंबडासारखा व्हई गया ना रे?" मी म्हणतो, कोंबडा बरा, तो पहाटेच ओरडतो.

मिठाच्या पाण्याच्या बाटलीत काहीच उगवलं नाही. वहिनींना हे कुणी सांगितलेलं नाही. परवा भाकरी वाढताना त्यांनी पुन्हा विचारलं, "त्या दिनले बर्फ टिकना ना रे भाऊ? मी ठासी ठासी भरेल व्हता." टिकना म्हणजे टिकला, एवढी इथली बोली मला आता कळते.

दादांना सगळं ठाऊक आहे. ते ताटात बघत होते.

"टिकना, वहिनी," मी म्हणालो. "पार सुरतेपर्यंत."