मस्टरवरची निरोगी माणसं

“हिचंही रक्त घ्या. ही त्याच कळपातली आहे.”

साहेब, म्हणजे शहरातल्या मेडिकल कॉलेजातले मोठे डॉक्टर, हे इंग्रजीत म्हणाले. हिला काय समजणार, असं धरून. त्यांच्यासोबत आलेले दोन तरुण डॉक्टर हसले. मी बाही वर केली. मी बी.एस्सी. होते, साखर कारखान्याच्या दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी करत होते. पण माझे वडील मेंढरं राखायचे. साहेबांना तेवढं पुरेसं होतं.

मुलांनो, तुम्ही तिकडून फोनवर विचारता, आजी, रिपोर्ट नॉर्मल आला ना? तो शब्द माझ्या डोळ्यांसमोर कसा तयार होत होता, ते नीट लिहून ठेवते.

दुष्काळ होता. साहेबांना आमच्या भागातल्या निरोगी माणसांच्या रक्ताचे आकडे ठरवायचे होते. लाली, म्हणजे हिमोग्लोबिन, किती, पांढऱ्या पेशी किती. पुढे इथल्या आजाऱ्यांचं रक्त त्या आकड्यांशी ताडून बघायचं. काम चांगलं होतं. पण निरोगी माणूस ओळखायचा कसा? साहेबांनी डोकं चालवलं. दुष्काळी कामाचं मस्टर मागवलं. हजेरी लागली, खडी फोडली, म्हणजे निरोगी. एवढी अक्कल घेऊन हा माणूस शहरात डॉक्टर घडवत होता.

रांगेत पहिली पारूबाई. ओठ पांढरे, पायांवर सूज.

“कावून रगत काढता ओ ताई? हाय तेच पुरंना, अन् त्यातलंबी नेता?”

रांग हसली. मी विचारलं, “चक्कर येते का?”

“येती की. पर तसं लिवू नका. आजारी म्हणलं की मुकादम मस्टरवरलं नाव कापतो. लिवा, लई झ्याक हाय.”

आणि मी तिच्या फॉर्मवर लिहिलं. निरोगी. ती लाज माझी आहे. साहेबांच्या माथी मारणार नाही.

नळीतल्या रक्ताचा रंग पट्टीशी जुळवला. पुस्तकात बाईची लाली बारा तरी हवी. पारूबाई आठ. तिच्यामागची साडेआठ. मी नऊ. पोटात जंत असले की वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी बहुतेकींच्या वाढलेल्या.

साहेब खूश. “या लोकांचं नॉर्मल एवढंच असतं. उगीच गोळ्या वाटायला नकोत.”

दुपारी कारखान्याच्या चेअरमनसाहेबांच्या सूनबाई जीपमधून आल्या. थकवा येतो म्हणाल्या. मीच रक्त घेतलं. नऊ.

साहेबांचा चेहरा उतरला. लोहाची इंजेक्शनं, गोळ्या, सक्त आराम. “जिना चढू नका हं, वहिनीसाहेब.” सकाळी त्याच पेनानं त्यांनी माझ्या नऊवर बरोबरची खूण केली होती.

माझी आई भिंत धरून उठायची. मीही तशीच उठत होते. बायांना असतंच, असं आम्ही समजत होतो. नव्हतं. सूनबाईंना तसंच झालं, तर तो आजार होता.

संध्याकाळी साहेबांनी निरोगी माणसांची यादी पुढे सरकवली. “सही करा, बाई.”

मी इंग्रजीत बोलले. “सर, नऊ नॉर्मल असेल तर सूनबाईंची इंजेक्शनं बंद करा. त्यांना उद्या खडी फोडायला पाठवा.”

साहेबांना आधी माझं इंग्रजी कळलं, मग अर्थ. ते चटकन मराठीत उतरले. “तुझी नोकरी कुणाच्या मर्जीवर आहे, माहीत आहे ना?”

“आहे.”

मस्टरला मी हात लावला नाही. पारूबाईची हजेरी तिला हवी होती. फॉर्म मात्र सगळे उचलले आणि साहेबांच्या समोर बसून एकेकावरचं ‘निरोगी’ खोडलं. शेवटी माझ्या स्वतःच्या फॉर्मवरचं. सही केली नाही.

महिनाअखेर नोकरी गेली. बीडला बसस्थानकामागे एका खोलीत मी माझी नळी आणि पट्टी मांडली. तिथेही बाया यायच्या, म्हणायच्या, लिवा, झ्याक हाय. मी नंतर एकदाही लिहिलं नाही.

तुमच्यापैकी कुणाला उद्या असे आकडे ठरवायला बसवलं, तर आधी विचारायचं, हे रक्त कुणाचं आहे, आणि ती बाई काल जेवली होती का. साहेब हसेल. हसू द्या. उत्तर मिळेपर्यंत सही करायची नाही.