तिसरा श्वास

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात त्यांना सगळे जागेश्वर म्हणत. कारण साधं होतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत ते पाळीवर कधी झोपले नाहीत. पंपांची घरघर एकसुरी, खोली उबदार, आणि तासातासाला दाबाचा आकडा वहीत लिहिण्यापलीकडे फारसं काम नाही. भलेभले तिथे घोरायचे. जागेश्वर मात्र स्टुलावर ताठ. ‘ह्याचा डोळा लागला तर समजा गावभर नळांना कोरड,’ असं मुकादम म्हणायचा आणि बाकीचे हसायचे. त्यांचा कानही तसाच तयार होता. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून ते सांगत, पंप दोन चालू आहेत की तीन, आणि त्यातला कुरकुरतोय कुठला.

हा माणूस इतका जागा का राहतो, हे कोणी विचारलं नाही. निवृत्तीनंतरही दुपारचे अडीच वाजले की ते चपला घालून बाहेर पडत. उन्हातान्हात बसस्थानकापर्यंत चालत जात, बाकावर बसत आणि साडेचारला परत येत. बायको होती तेव्हा तीही कधी ‘कुठे निघालात’ म्हणाली नाही. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

त्यांना एकच मुलगी. ती चार गल्ल्या सोडून राहायची, एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करायची. लग्नाला बारा वर्षं झाली आणि अडतिसाव्या वर्षी तिला जुळ्या मुली झाल्या. दवाखान्यात एका पाळण्यात शेजारी शेजारी ठेवलेल्या त्या दोघींना जागेश्वरांनी दारातूनच पाहिलं, ‘चहा घेऊन येतो’ म्हणाले, आणि गेले ते घरीच गेले. पुढे दर रविवारी फळं घेऊन ते नातींना बघायला यायचे, पण पाच महिन्यांत त्यांनी एकीलाही उचललं नव्हतं. ‘माझे हात खरखरीत आहेत,’ म्हणायचे. मुलीने ते मनात ठेवलं होतं.

मग एका सकाळी ती धावतच आली. जावई पुलांच्या कामावर मोजणी करायचा. परगावी एका कामावर तो घसरून पडला होता आणि कमरेचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. सासूबाई थोरल्या मुलाकडे होत्या आणि त्यांच्या डोळ्यांवर नुकतीच पट्टी बांधलेली.

"चार दिवस, बाबा. जास्त नाही."

"एखादी बाई ठेव."

"तुम्ही असताना परक्या बाईवर सोडू?"

"मला नाही जमायचं."

"मला कोणी सांभाळलं मग?" ती म्हणाली. "आईच सांगायची. मी तान्ही असताना ती दीड महिना दवाखान्यात होती, तेव्हा सगळं तुम्हीच केलंत."

ती म्हणाली ते खरं होतं. त्या दीड महिन्यात काय झालं, ते मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "येतो."

मुलीच्या घराच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहायच्या. सकाळ-संध्याकाळ येऊन आंघोळ घालायचं त्यांनी कबूल केलं. घराची एक किल्ली त्यांच्याकडे दिली, आणि मुलगी गेली.

पहिली सकाळ तारेवरची कसरत होती. दोघींतली गोबरी ती ठमी आणि काटकुळी ती चिमी. एकीला झोपवावं तर दुसरी जागी. ठमीचं दूध संपेपर्यंत चिमी घर डोक्यावर घ्यायची, आणि चिमीला घ्यावं तर ठमी मघाशी प्यायलेलं खांद्यावर परत करायची. अकरा वाजेपर्यंत जागेश्वरांनी तीन सदरे बदलले. पण हात काही विसरले नव्हते. मानेखाली तळवा कसा द्यायचा, ढेकर येईपर्यंत पाठीवर कसं थोपटायचं, सगळं आपोआप येत होतं. आणि हात आठवू लागले तसं बाकीचंही आठवू लागलं.

अडीचला दोघी एकदमच झोपल्या. खोलीत ऊन आलं होतं, रस्त्यावर सामसूम होती. अडतीस वर्षांपूर्वीची दुपार अशीच होती.

तेव्हा त्यांच्याही घरी जुळ्या होत्या. अडीच महिन्यांच्या दोन मुली. बायको विषमज्वराने दवाखान्यात होती. जागेश्वर तेव्हा तिशीचे. रात्रपाळी करायचे, सकाळी शेजारणीकडून मुलींना घेऊन यायचे आणि दिवसभर त्यांचं करायचे. दहा-बारा दिवस धड झोप नव्हती. त्या दुपारी दोघींना दूध पाजून निजवलं आणि चटईवर त्यांच्या बाजूला जरा पाठ टेकली. पाच मिनिटं म्हणून टेकली. उठले तेव्हा भिंतीवरचं ऊन सरकलं होतं. एक मुलगी हात-पाय हलवत छताकडे बघत होती. दुसरी गार पडली होती.

अशी बाळं कधीकधी झोपेतच जातात, तुमचा काही दोष नाही, असं डॉक्टर म्हणाले. बायको घरी आली. ती शिव्याशाप देईल, निदान एकदा तरी ‘तुम्ही झोपलात कसे’ असं विचारेल, म्हणून ते वाट बघत राहिले. तिने कधीच विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "हिला कधी सांगायचं नाही." त्यांनी घर बदललं, वस्ती बदलली. तो प्रश्न बायको आपल्याबरोबर घेऊन गेली.

आता नातींच्या उशाशी खुर्ची ओढून जागेश्वर बसले. आधी ठमीच्या नाकाशी बोट धरलं, मग चिमीच्या. पुन्हा ठमीच्या. दोन तास हेच चाललं. रात्रीही तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, तुमचे डोळे बघा आरशात. मुली झोपतात तेव्हा तुम्हीही झोपत जा."

"मला सवय आहे जागरणाची."

"सवय वेगळी, वय वेगळं," बाई म्हणाल्या आणि ओट्याकडे बघून थांबल्या. "ही तिसरी बाटली कोणाला?"

ओट्यावर दुधाच्या तीन बाटल्या भरून ठेवल्या होत्या. जागेश्वरांनी एक उचलून मोरीत ओतली. "चुकून भरली," म्हणाले. त्या दिवशी अशा तीनदा चुकून भरल्या. दर वेळी त्यांनी लक्ष देऊन दोनच मांडल्या होत्या, आणि पाणी गरम करून वळून बघावं तर तीन.

दुपारी ते खुर्चीवर बसले, पण बोट धरायला हात उचलवेना. मग त्यांनी कानावर भिस्त ठेवली. डोळे मिटले. ठमीचा श्वास जड, जरा घुरघुरता. चिमीचा हलका, पक्ष्यासारखा भराभर. आणि त्या दोहोंच्या मधे एक तिसरा. संथ, अगदी बारीक, दर चौथ्या श्वासाला किंचित अडखळणारा. त्यांनी श्वास रोखून पाहिला, तो आपला नव्हता. डोळे उघडले की दोन ऐकू यायचे. मिटले की तीन. एकतीस वर्षांत हा कान आकड्यात कधी चुकला नव्हता.

त्यांना भीती वाटली, पण भीतीपेक्षा वेगळंही काही वाटलं. ते तसेच डोळे मिटून बसून राहिले. त्या दुपारी मन लावून ते तोच श्वास ऐकत होते, आणि हे ध्यानात आलं तेव्हा चटका बसल्यासारखे उठले आणि चिमीला इतकं घाईने उचललं की ती दचकून रडायला लागली.

तिसऱ्या दिवशी शरीराने हिशेब चुकता केला. अडीच वाजता ते खुर्चीवर बसले, तोंडावर पाणी मारून आले, पुन्हा बसले. एवढंच त्यांना आठवतं.

जाग आली तेव्हा भिंतीवरचं ऊन सरकलं होतं. घरात आवाज नव्हता. पाळण्यात ठमी हात-पाय हलवत छताकडे बघत होती. शेजारची जागा रिकामी होती.

जागेश्वरांनी चादर उचलली, पाळण्याखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. पाच महिन्यांचं मूल कपाटामागे जाईल कसं, हे कळत असूनही पाहिलं. मग स्वयंपाकघरातून चमच्याचा आवाज आला. दारात जाऊन बघतात तो नर्सबाई चिमीला कडेवर घेऊन उभ्या होत्या.

"बेल वाजवली दोनदा," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही उठला नाहीत, म्हणून किल्लीने आले. ही जागी झाली होती. म्हटलं तुम्हाला झोपू द्यावं."

जागेश्वर उंबऱ्यातच खाली बसले. मोठ्या माणसाने रडू नये तसे रडले. बाईंनी चिमीला त्यांच्या मांडीवर ठेवलं, पाळण्यातून ठमीला आणलं आणि स्वतःही समोर फरशीवर बसल्या. मग जे अडतीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं, ते त्यांनी या जेमतेम ओळखीच्या बाईला सांगितलं.

सगळं सांगून झाल्यावर बाई म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं बाळांच्या वॉर्डात काढली. अशी गेलेली पाहिली आहेत. आम्ही दोघी-तिघी जाग्या असताना गेलेली."

"डॉक्टरही तेच म्हणाले होते."

"मग?"

"मग काही नाही. झोपलो होतो तो मी."

बाई उठल्या. त्यांनी चहा टाकला. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "मुलीला सांगा, आजोबा. गेलेली ती तिची बहीण होती."

चौथ्या दिवशी संध्याकाळी मुलगी आली. ऑपरेशन नीट झालं होतं, महिनाभरात नवरा चालेल असं डॉक्टर म्हणाले होते. ती नुसती बोलत होती, हसत होती, दोघींना आळीपाळीने छातीशी धरत होती. "बघा, जमलं की नाही तुम्हाला?"

"बस जरा," जागेश्वर म्हणाले. "तुला एक सांगायचंय."

त्यांनी सांगितलं. स्वतःची बाजू घेतली नाही, आणि स्वतःला शिव्याही दिल्या नाहीत. जसं झालं तसं सांगितलं. मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे गेलं ते तिलाही कळलं नसेल.

"आईलाही सांगावंसं वाटलं नाही कधी?"

"तिनेच नको म्हटलं होतं. पण ती गेल्यावर सहा वर्षं मी गप्प होतो. ते माझं मीच ठरवलेलं."

"नाव काय होतं तिचं?"

"ठेवायचं राहिलं होतं. तुझंही तेव्हा ठेवलं नव्हतं. तू अकरा मिनिटांनी मोठी. तिला आम्ही धाकटी म्हणायचो."

"तुम्ही आता घरी जा, बाबा," मुलगी म्हणाली.

तीन आठवडे तिचा फोन आला नाही. रविवारी जागेश्वर फळं घेऊन निघायचे आणि गल्लीच्या तोंडाशी येऊन परत फिरायचे. त्यांच्या मनाने घेतलं की बायकोने जे विचारलं नाही, ते आता मुलगी विचारते आहे, न बोलता.

चौथ्या रविवारी सकाळी ती दारात उभी होती. शेजारी बाबागाडीत ठमी आणि चिमी.

"मला जागा दाखवा," ती म्हणाली.

जुन्या दवाखान्यामागे तेव्हा मोकळं माळरान होतं, तिथेच एका कोपऱ्यात लहान मुलांना पुरत. आता तिथे मालाची गोदामं झाली होती. जागेश्वरांनी खूण म्हणून लक्षात ठेवलेल्या पाण्याच्या जुन्या टाकीकडे पाठ केली आणि पावलं मोजत निघाले. मुलगी गाडी ढकलत मागून आली. एके ठिकाणी ते थांबले. समोर ट्रक उभा होता.

"इथेच?"

"इथेच. चार पावलं इकडेतिकडे."

मुलीने ड्रायव्हरला ट्रक जरा मागे घ्यायला सांगितलं. तो ‘कशाला’ म्हणणार होता, पण तिच्याकडे बघून त्याने इंजिन चालू केलं. ट्रक सरकला. खाली तेलाचे डाग पडलेली सिमेंटची जमीन होती, दुसरं काही नव्हतं. मुलगी तिथे बराच वेळ उभी राहिली. चिमी कुरकुरायला लागली तसं तिने तिला उचललं, आणि न विचारता जागेश्वरांच्या हातात दिलं.

"कशी होती ती?" तिने विचारलं.

हा प्रश्न जागेश्वरांना कोणी विचारेल असं कधी वाटलंच नव्हतं.

"तुझ्यापेक्षा रडकी," ते म्हणाले. "दूध प्यायला तास लावायची. उजव्या कानामागे तीळ होता. तू रडलीस की ती गप्प व्हायची, तुझ्याकडे बघत बसायची."

"आणखी?"

"झोपेत तिचा श्वास जरा अडखळायचा," ते म्हणाले. "दर चौथ्या श्वासाला."

ट्रकवाला अजून इंजिन चालू ठेवून वाट बघत होता. जागेश्वर चिमीच्या पाठीवर थोपटत राहिले आणि आणखी काय काय आठवतं ते सांगत गेले.